मंगळवार-शुक्रवारचा बाजार

॥ श्री ॥

सेक्टर ५०, नोएडा
बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६

ती. लतिकावन्सं यांस,
प्रभावतीचा सा. न. वि. वि.

तुमचं २६ तारखेचं पत्र शनिवारी हाती आलं. गेटवरचा गार्ड आता मला चिठ्ठीवाली आंटी म्हणतो, कारण सव्वाचारशे फ्लॅटच्या या सोसायटीत टपालाने एक तर बँकेच्या नोटिसा येतात, नाहीतर तुमची पत्रं. फोन जवळ नेला की तुमच्या कानाचं यंत्र अजून शिट्टी मारतं असं लिहिलंत. मारू दे. फोनवर आपण दोघी ऐकू येतंय का, एवढंच एकमेकींना विचारत होतो.

आता कालचा बाजार. नाशिकला आपण दोघी जायचो; तुमच्या खुब्याचं हाड मोडल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, मंगळवार-शुक्रवारी मी इथे एकटीच जाते. पण निम्मा बाजार तुमच्या वाटणीचा, म्हणून सगळं नीट बघून घेते आणि विसरू नये म्हणून वहीत टिपते. काल आधी पहाडगंज केलं. तिथे हॉटेलांना सामान पुरवणारं एक दुकान आहे. काउंटरवर थाप मारायच्या घंट्या, खोल्यांच्या नंबरांचे पितळी बिल्ले, बोटाएवढ्या साबणाच्या वड्या. मालकाने विचारलं, हॉटेल किती खोल्यांचं आहे. मी सांगितलं, तीन बेडरूम आणि हॉल. नाश्ता देता का, असंही विचारलं. देते म्हटलं. खोटं नव्हतं. मग त्याने मला चहा पाजला आणि लहान हॉटेल चालवणं किती कठीण झालंय ते अर्धा तास सांगितलं. मला पटलं.

तिथून ई-रिक्षाने सदर बाजारात, हरचरणसिंगांच्या बटणांच्या दुकानात. भिंतभर खण आहेत, वरपासून खालपर्यंत. मी काही घेत नाही हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं, तरी ते दर खेपेला एक-दोन खण उघडून निळ्या फडक्यावर पसरून दाखवतात. काल जांभळी काचेची बटणं होती. उजेडात धरली की मधोमध काळा ठिपका दिसतो, तिरकी केली की जातो. पंचवीस मिनिटं मी तेच केलं.

एक गंमत. गेल्या शुक्रवारी मी तिथेच असताना इंद्रजितच्या मोबाइलवरच्या नकाशात माझा ठिपका पावणेदोन तास हलला नाही म्हणे. त्याने मीटिंग सोडली आणि माझा फोटो देऊन एका टॅक्सीवाल्याला मला शोधायला पाठवलं. तो आला तेव्हा मी शिंपल्यांची बटणं बघत होते. तोही दोन खण बघून मगच निघाला. घरी आल्यावर इंद्रजितने विचारलं, काय आणलंस. काही नाही म्हटलं. त्याने मयुराकडे पाहिलं. सूनबाईंनी फ्रिज उघडून त्यात पाहिलं.

नाशिकला तांबट आळीत आपण तीन फेऱ्या मारून कळशी न घेता परतायचो, तेव्हा आपल्याकडे असं कुणी पाहत नव्हतं. असो. शुक्रवारी चावडी बाजारात कुलुपं बघणार आहे. पायाला जपा. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपली,
प्रभावती

॥ श्री ॥

गंगापूर रोड, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२६

चि. प्रभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. दिवसा मला सांभाळायला वीणा येते, तिला एकदा मोठ्याने वाचायला लावलं. मला ऐकू आलं नाही, पण तिचा पहाडगंज झाला.

आता तक्रारी. घंटी होती असं लिहितेस, वाजवलीस का ते लिहीत नाहीस. वाजवली असशीलच. मग आवाज लगेच विरला की रेंगाळला? साबणाच्या कागदावर काय छापलं होतं? एकतीस वर्षं मी मुलींना विज्ञान शिकवलं. 'छान होतं' हे निरीक्षण नव्हे. बटणं मात्र उत्तम. तो ठिपका बहुधा पाठीमागच्या भोकाचा असणार. पुढच्या वेळी उलटी करून बघ आणि कळव.

आमच्या इमारतीला लिफ्ट बसवण्याची सभा परवा पुन्हा झाली. अकरावं वर्ष. तळमजल्यावरच्या लोकांनी लिफ्टची गरज नाही असं पुन्हा एकमताने ठरवलं. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझी खिडकी आहोतच. खिडकीतून एक गॅरेज आणि अर्धा गुलमोहर दिसतो, आणि दोन्हींचं वर्णन मी तुला केव्हाच करून संपवलंय. खरं सांगायचं तर तुझं पत्र आलं की दोन दिवस मी या खोलीत नसते. वीणा चहा आणून ठेवते आणि तो गार होतो.

मोबाइलवर फोटो पाठवण्याचा विषय पुन्हा काढू नकोस. फोटोत सगळं एकदम दिसतं, मग दुपारभर करायचं काय?

कुलुपांचं सविस्तर लिही. माझे आशीर्वाद तर आहेतच, ते तू मागायला नकोत.

तुझी,
लतिकावन्सं

नोएडा
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

ती. लतिकाआत्यास,
सा. न. वि. वि. (हे इंटरनेटवर शोधून लिहिले आहे. चूक असेल तर कळव.)

पत्र लिहिण्याची सवय नाही, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. विषय आईचा आहे आणि हे पत्र तिला न सांगता लिहीत आहे.

जानेवारीत आई नऊ वेळा बाजारात गेली. दर वेळी साधारण पाच तास. यातून घरात आलेली वस्तू एक, सेफ्टी पिनांचे पाकीट. कुठे गेली होतीस विचारले तर खरे सांगते, कशाला विचारले तर हसते. तिची एक वही डायनिंग टेबलवर राहिली होती, ती मी पाहिली. त्यात हॉटेलची घंटी, जांभळी बटणे, शिंप्याचे खडू, असे काहीही लिहिलेले आहे. म्हणजे ती यादी करून जाते आणि घ्यायचे विसरते. आत्या, मी याबद्दल बरेच वाचले आहे. या वयात विसरणे आणि उगाच भटकणे ही सुरुवात असू शकते. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण ती यायला तयार नाही.

मला खरंच भीती वाटते. बाबा गेले त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होतो आणि फोन बंद होता, हे तुला माहीत आहे. तेव्हापासून फोन बंद करत नाही. आईचा ठिपका हलला नाही की मला स्क्रीनवर दुसरे काही दिसत नाही.

एक मार्चपासून तिने एकटीने जाऊ नये असे मी ठरवले आहे. तुझे ती ऐकते. तू दोन ओळी लिहिल्यास तर बिलकूल वाद होणार नाही. वहीचे काय करायचे ते मी बघतो.

मयुराचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असेलच.

इंद्रजित

॥ श्री ॥

नाशिक
२१ फेब्रुवारी २०२६

चि. प्रभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इंद्रजितचं पत्र आलं. तू बाजारात जाणं बंद करावंस, असा उपदेश मी तुला करावा असं त्याचं म्हणणं आहे. केला.

कुलुपांचं काय झालं?

विनोद बाजूला. तुझं डोकं फिरलंय असा त्याला संशय आहे आणि पोरगं खरंच घाबरलंय. त्याला कारण सांगितलंस तर प्रश्न मिटेल, हे मला कळतं. पण मी दोन वर्षांत जिना उतरलेली नाही हे त्याच्या कानावर घालायचं नाही, हा आपला करार मोडू नकोस. लहानपणी त्याला खांद्यावर बसवून मी पांडवलेणी चढले आहे. त्याच्या लेखी मी अजून तीच असेन, तर असू दे. तेवढं मला राखून ठेव.

त्याच्याशी गोड बोलून वेळ मारून ने. तुला ते जमतं, माझ्या भावाशी तू अडतीस वर्षं तेच केलंस. लोभ तुझ्यावर आहे म्हणूनच एवढं हक्काने मागते.

तुझी,
लतिकावन्सं

॥ श्री ॥

नोएडा
मंगळवार, ३ मार्च २०२६

ती. लतिकावन्सं यांस,
प्रभावतीचा सा. न. वि. वि.

आज मंगळवार आहे आणि मी घरी आहे, यावरून काय ते समजा.

शुक्रवारी माझा वाढदिवस झाला. सकाळी इंद्रजितने मला हॉलमध्ये बोलावलं. तिथे चौदा खोकी होती. त्याने माझ्या वहीचा फोटो काढून त्यातली एकूण एक वस्तू ऑनलाइन मागवली होती. मी टिपलेली, वन्सं. तुमच्यासाठी बघून टिपलेली. त्याला वाटलं, आईला या वस्तू हव्या आहेत आणि ती घ्यायला विसरते.

तर आता आमच्या घरात काउंटरवरची घंटी आहे. आवाज लगेच विरतो. पहाडगंजची रेंगाळत होती, हे तुमच्या माहितीसाठी. १०१ ते १२० नंबरांचे पितळी बिल्ले आहेत. साबणाच्या वड्या पाचशे. शिंप्याचे खडू सहा रंगांत, उंटाच्या गळ्यातली घुंगरं, किल्ली दोनदा उलटी फिरवायचं चावडी बाजारातल्यासारखं कुलूप, आणि बारा डझन जांभळी बटणं. ती काचेची नाहीत. इंद्रजित एकेक खोकं उघडून माझ्याकडे बघत होता. दहावीचा निकाल हातात घेऊन आला होता तेव्हाचा चेहरा होता त्याचा. मी प्रत्येक वस्तू हातात घेतली आणि बरं झालं म्हटलं. मयुराने १०४ चा बिल्ला स्वयंपाकघराच्या किल्लीला लावला आणि पाचशेतली एक वडी बेसिनवर ठेवली.

मग तो म्हणाला, आता सगळं आलंय, तर बाजारात जायची गरज उरली नाही. आणि माझा हात धरून बसला. मी नाही जाणार असं वचन दिलं. तुमचा करार पाळला, कारण सांगितलं नाही. पण वन्सं, मला फार वाईट वाटतंय. तो माझ्यावर रागावला असता तर मी भांडले असते. मायेपुढे भांडता येत नाही.

आज तुमच्यासाठी म्हणून सोसायटीच्या आतल्या दुकानात जाऊन आले. चार प्रकारची बिस्किटं आहेत. पाचवा प्रकार संपलाय. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता काय हवंय विचारलं. काही नको म्हटल्यावर तिने मान वर केली. एवढंच.

यापुढे काय लिहायचं ते मला सुचत नाही. आमच्या खिडकीतून दुसरा टॉवर दिसतो. लोभ कमी करू नका, पत्र लहान झालं तरी.

आपली,
प्रभावती

नाशिक
११ मार्च २०२६

चि. इंद्रजितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा मायना बरोबर होता. मजकूर सगळा चुकला.

तुझ्या आईची स्मरणशक्ती तपासायची आहे ना? मग डॉक्टरांकडे नेण्याआधी माझ्याकडे ये. दोन वर्षांत तिने मला लिहिलेली पत्रं इथे कपाटात आहेत. एकही खण, एकही कुलूप तिने दोनदा लिहिलेलं नाही. मागच्या जूनमध्ये सरोजिनी नगरच्या पदपथावर एक बाई इस्त्री न केलेले सदरे रंगांच्या क्रमाने मांडत होती, तो क्रम तिने पिवळ्यापासून करड्यापर्यंत लिहिलाय. तुला तुझ्या आजच्या सदऱ्याचा रंग न बघता सांगता येईल का?

ती विसरत नाही. ती घेत नाही, कारण आम्ही दोघी बाजारात घ्यायला जात नाही, कधीच गेलो नाही. आम्ही बघायला जातो. ती वही यादी नव्हती. ती माझी होती.

आता तुझ्या आईने जे सांगू नये म्हणून मीच तिला बांधून घेतलं, ते सांगते. ऑपरेशन झाल्यापासून मी जिना उतरलेली नाही. एकदा दवाखान्यात जायला चौघांनी खुर्चीत घालून नेलं, ते मी धरत नाही. डोळे मिटून होते. पलंगापासून खिडकी, खिडकीपासून न्हाणीघर, एवढं माझं नाशिक. हे तुला कळू नये असं मला वाटत होतं, कारण मला लाज वाटते. पण तुझ्या आईचं ३ तारखेचं पत्र आलं, त्यात चार प्रकारची बिस्किटं होती, आणि मला रडू आलं. वीणाला वाटलं कुणी गेलं. मंगळवार आणि शुक्रवार गेले की माझ्या आठवड्यात काही राहत नाही रे.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. तुझा बाप माझा भाऊ होता. पण ठिपका हलत नाही तेव्हा ती मला काहीतरी दाखवत असते, एवढं लक्षात ठेव. तिला जाऊ दे. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलं नव्हतं.

लोभ माझ्याकडून कधी कमी झाला नाही.

आत्या

नोएडा
रविवार, २२ मार्च २०२६

ती. लतिकाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र मला सोमवारी मिळाले. आईला दाखवले नाही. पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाल्यावर तिला सांगितले की वचन मी परत करतो आहे. तिने घेतले आणि श्रीखंड वाढायला गेली. फोनवरचा तिचा ठिपकाही मी काढून टाकला. अजून दिवसातून दोन-तीनदा तिथे बोट जाते.

शुक्रवारी सुट्टी काढून आईबरोबर गेलो. खरे कारण सांगतो. मागवलेले सामान कंपनी परत घेत नाही, तर ते बाजारात कुणी घेईल का हे पाहायचे होते. पहाडगंजच्या मालकाने बिल्ले आणि साबण बघून माझे नव्या शाखेबद्दल अभिनंदन केले. तिथून सदर बाजारात गेलो.

हरचरणसिंगांनी माझी बटणे निळ्या फडक्यावर ओतली, एक उचलून दाताने चावून पाहिले आणि प्लास्टिक आहे असे सांगितले. माताजींच्या घरात प्लास्टिक आले याचे त्यांना वाईट वाटले. परत घेण्याचा विषय मी काढला नाही. मग त्यांनी मला बसवले, आईसमोर एक खण उघडला, आणि माझ्याकडे वळून विचारले की बुवाजींचा, म्हणजे आत्याचा, तुझा, पाय कसा आहे.

मी सांगितले, ठीक आहे.

त्यांनी विचारले, जिना उतरू लागल्या का. मी म्हटले, अजून नाही. मग विचारले, पलंगावरून उठताना अजून वीणाचा आधार लागतो की खिडकीपर्यंत एकट्या जातात. मला माहीत नव्हते. मी म्हटले, उजव्या पायाचे दुखणे जरा वेळ घेतेच. त्यांनी फडके नीट केले आणि अगदी हळू सांगितले की पाय डावा आहे.

आत्या, तुझे ऑपरेशन झाले तेव्हा मी तुला ऑनलाइन वॉकर पाठवला होता. तो पोचल्याचा मेसेज मला आला, त्यामुळे तू बरी झालीस असे मी धरून चाललो. दोन वर्षे. तू सांगितले नाहीस हे खरे आहे, पण मी विचारले नव्हते. सदर बाजारात बटणे विकणाऱ्या माणसाने दर खेपेला विचारले. मला तिथेच रडू आले. हरचरणसिंगांनी गिऱ्हाइकांना थोडे मागे सरकायला सांगितले. आईने मान वर केली नाही. ती तुझ्यासाठी खण बघत होती, आणि मला वाटते तिने मुद्दामच वर पाहिले नाही.

२७ तारखेच्या विमानाचे तिकीट काढले आहे. चार दिवस राहीन. लॅपटॉप आणत नाही. त्या चार दिवसांत तू स्वतः सांग, कुठे दुखते, किती दुखते, रात्री झोप लागते का, सगळे, पहिल्या दिवसापासून. मला उशीर झाला आहे, पण मी नीट ऐकेन.

शेवटी काय लिहायचे असते ते आईला विचारले नाही आणि शोधलेही नाही. लोभ ठेव.

तुझा,
इंद्रजित